खाली आणि सावकाश : कॅलिफोर्नियातील घडीव गाड्यांची कथा

२०२२ सालच्या उपवासकाळातील एका शुक्रवारी आमच्या चर्चच्या आवारात क्रुसाच्या वाटेची भक्ती चालू होती. आम्ही सातव्या स्थानापाशी पोहोचलो असता कुंपणाबाहेरून एक मोटारसायकल असा काही गडगडाट करीत गेली की, प्रार्थनेचे शब्द पहिल्या रांगेतही ऐकू गेले नाहीत. सायलेन्सर कापलेली ती बुलेट कोणाची, हे सर्वांना ठाऊक होते. रविवारी तक्रारी आल्या. आम्ही त्या तरुणास बोलावून घेतले आणि गाडी पुन्हा या आवाराच्या आसपास आणू नकोस, असे जरा कठोर शब्दांत सांगितले. त्याने आज्ञा पाळली. गाडी आणली नाही, आणि तो स्वतःही आला नाही. ती बुलेट त्याने भंगारातून उचलली होती आणि दोन वर्षे एकेक सुटा भाग जमवून तिचे इंजिन स्वतःच्या हातांनी उभे केले होते, ही गोष्ट त्याच्या आईकडून आम्हांस कळली तेव्हा वर्ष उलटून गेले होते.

पुढील हकिकत दूरदेशीची आहे. परंतु ती ऐकताना आमच्या मनात हा मुलगा सतत होता, म्हणून आरंभीच त्याचा उल्लेख केला.

२०२३ च्या जूनमध्ये, आमच्या बिशप महोदयांच्या अनुमतीने, लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील एका धर्मग्रामात तीन महिने बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आला. तेथील बहुतेक भाविक मेक्सिकन वंशाचे. आमची स्पॅनिश भाषा सेमिनरीत शिकलेल्या थोड्याफार लॅटिनच्या आधारावर उभी. मिस्सा वाचता येई, गप्पांत मात्र तारांबळ उडे. एका शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर सत्तरी उलटलेले एक गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी आले आणि गाडीला आशीर्वाद द्याल का, असे त्यांनी विचारले. आमच्या किनाऱ्यावर आम्ही रिक्षांवर, टेंपोंवर, कोळी बांधवांच्या होड्यांवर पवित्र पाणी शिंपडले आहे. त्यात नवल ते काय, म्हणून निघालो. बाहेर उभी होती १९६३ ची शेव्हरोले इम्पाला. रंग गडद जांभळा, आणि तिरपे ऊन पडताच त्या जांभळ्याच्या तळाशी सोनेरी कण चमकत. बॉनेटवर ग्वादालुपे मातेचे चित्र, भोवती गुलाब. त्या गृहस्थांनी आत हात घालून एक कळ दाबली, आणि ती एवढी अवजड गाडी गुडघे टेकावेत तशी हलकेच जमिनीपर्यंत उतरली.

खरे सांगायचे तर आम्ही क्षणभर थबकलो. मातेची प्रतिमा वेदीवर शोभते, घरातल्या देव्हाऱ्यात शोभते. मोटारीच्या बॉनेटवर, धुळीत आणि धुरात तिचे काय काम, असा प्रश्न मनात आला. मग आठवले की, आमच्या होड्यांच्या नाळेवरही तिचेच नाव असते. आशीर्वाद दिला. त्या दिवसापासून ते गृहस्थ आणि त्यांचे दोघे-तिघे समवयस्क मित्र मिस्सेनंतर आमच्याशी बोलत बसू लागले. त्यांच्या तोंडून जे ऐकले आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातून ही कथा जुळली.

अमेरिकेत जुन्या मोटारी मोडून, त्यांना स्वतःच्या मनासारखे रूप किंवा वेग देण्याच्या छंदाला एक मोठा इतिहास आहे. वेगासाठी घडविलेल्या गाडीस ‘हॉट रॉड’ म्हणतात, आणि रूपासाठी घडविलेलीस ‘कस्टम’. या छंदाचे माहेर दक्षिण कॅलिफोर्निया. तेथे पाऊस थोडा, म्हणून पत्रा गंजत नाही. आणि पहिल्या महायुद्धानंतर तेथे घरोघरी मोटार आली, म्हणून जुन्या गाड्यांचे भंगारही भरपूर. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटी गाड्या विकल्या होत्या. १९३२ साली त्याच कंपनीने व्ही आकारात बसविलेल्या आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. त्याची शक्ती ६५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबाने एखाद्या लहान मोटारीएवढी. परंतु त्या काळी असे इंजिन श्रीमंतांच्याच गाडीत असे. कालांतराने या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि विशीतल्या मुलांच्या हाती लागल्या. त्यांनी काय केले? मडगार्ड काढले, पुढची काच काढली, वजन कमी होईल असे जे जे होते ते काढून टाकले. इंजिनाचे हेड घासून सिलिंडरातील जागा कमी केली, म्हणजे पेट्रोलचा स्फोट अधिक जोराने व्हावा. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन किंवा तीन बसविले. हे सारे घरामागच्या शेडमध्ये, उसन्या पान्यांनी.

आणि मग त्या गाड्या पळवायच्या कोठे? लॉस एंजेलिसच्या ईशान्येस मोहावे वाळवंटात कोरड्या पडलेल्या सरोवरांचे सपाट, कडक तळ आहेत. त्यांतील म्युरॉक हे सर्वांत विख्यात. शनिवारी दुपारी मुले शहरातून निघत, रात्री त्या उघड्या मैदानात झोपत आणि पहाटे, वारा सुटण्याच्या आत, एकेक गाडी सोडत. ताशी शंभर मैलांचा पल्ला ओलांडणे ही तेव्हाची मोठी मिरास. आरंभी सारा गोंधळ होता. एकाच वेळी अनेक गाड्या सुटत आणि मागची गाडी पुढच्या धुळीत आंधळी होई. माणसे मरत. १९३७ साली निरनिराळ्या मोटार मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. नियम घालून दिले, गाड्यांची तपासणी सुरू केली. हे नियम कोणी अधिकाऱ्याने लादलेले नव्हते, त्या मुलांनीच स्वतःला घालून घेतलेले होते. आमच्या मते या इतिहासातील ही फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती नेमकी विसरली जाते.

युद्ध आले आणि म्युरॉक लष्कराकडे गेले. (त्याच म्युरॉकच्या आकाशात १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर या वैमानिकाने प्रथमच ध्वनीहून अधिक वेगाने विमान नेले. वेगाचे वेड त्या जागेला सोडीत नव्हते असे म्हणायचे!) मुले सैन्यात गेली. या काळातील एक गोष्ट आम्हांस विशेष भावली. वेडा ऑर नावाच्या बाई या सरोवरांवर स्वतः गाडी चालवीत. त्या संस्थेच्या स्पर्धेत उतरलेल्या पहिल्या महिला त्याच. युद्धकाळात स्पर्धा बंद असताना त्यांनी संस्थेचे वार्तापत्र चालू ठेवले आणि परदेशी लढणाऱ्या सभासदांना ते पाठवीत राहिल्या. पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर, चिखलात आणि डासांत बसलेल्या मुलाला घरच्या पत्राबरोबर आपल्या मंडळाची बातमी मिळे. नियतकालिक कशासाठी काढायचे, असे कोणी आम्हांला विचारले तर आम्ही या बाईंचे उदाहरण देऊ.

मुले परत आली ती अधिक शिकून आली. वेल्डिंग, विमानाची इंजिने, तेलाच्या दाबावर चालणारे पंप, सारे लष्कराने शिकविले होते. आणि लष्कराचे नको झालेले सामान बाजारात मातीमोलाने विकले जात होते. लढाऊ विमानांना जास्तीचे इंधन पुरविण्यासाठी पोटाखाली टांगत ती थेंबाच्या आकाराची टाकी बिल बर्क यांनी १९४६ साली विकत घेतली आणि तिच्यात इंजिन आणि आसन बसवून शर्यतीची गाडी केली. तलवारींचे नांगर करण्याचे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण आगमनकाळात दरवर्षी ऐकतो. इंधनाच्या टाकीची शर्यतीची गाडी करणे म्हणजे काही नांगर नव्हे हे खरे, परंतु दिशा तीच होती.

या काळात शहरातील रस्त्यांवरही रात्री शर्यती होऊ लागल्या. अपघात घडले, लोक संतापले, वृत्तपत्रांनी ‘हॉट रॉड’ हा शब्द जवळजवळ गुंड या अर्थी वापरण्यास प्रारंभ केला. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे या दोन तरुणांनी ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक काढले. बदनाम झालेले नाव त्यांनी मुद्दाम मुखपृष्ठावर छापले. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये या गाड्यांचे प्रदर्शन भरले होते, तेथे पीटरसन स्वतः अंक विकत उभे होते. पुढे त्या मासिकाचे संपादक झालेले वॉली पार्क्स यांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. त्यांचे म्हणणे साधे होते: मुले पळविणारच आहेत, तर त्यांना रस्त्याऐवजी सुरक्षित जागा द्या.

जागा मिळाल्या. १९५० च्या जूनमध्ये सँटा ॲना येथील विमानतळाच्या एका धावपट्टीवर दर रविवारी शर्यती सुरू झाल्या. (रविवारी! तेथील धर्मगुरूंना हे कितपत रुचले असेल, असा विचार आमच्या मनात आलाच.) आणि पोमोना या गावी तर स्वतः पोलीसच पुढे आले. तेथील पोलीसप्रमुख राल्फ पार्कर आणि सार्जंट बड कून्स यांनी मुलांच्या मंडळाशी बोलणी केली आणि जत्रेच्या मैदानालगतची जागा शर्यतीसाठी मिळवून दिली. पाव मैलाची सरळ पट्टी, दोन गाड्या, एक निशाण. १९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय संस्थेची पहिली अधिकृत शर्यत तेथेच झाली. पुढच्याच वर्षी कून्स काही सहकाऱ्यांसह देशभर हिंडले आणि गावोगावच्या पोलिसांना, नगरप्रमुखांना आणि मुलांना एकत्र बसवून सुरक्षित शर्यती कशा भरवाव्यात हे दाखवू लागले. ज्याच्या खिशात दंडाच्या पावत्यांचे पुस्तक असावयाचे, त्या शिपायाने मुलांच्या गाड्यांखाली वाकून ब्रेक तपासावेत! हा प्रसंग वाचताना आम्हांस आमचे ते कठोर शब्द आठवले आणि आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

वेगाच्या या प्रवाहाशेजारीच रूपाचा प्रवाह वाहत होता. लॉस एंजेलिसजवळ लिनवूड येथे सॅम आणि जॉर्ज बॅरिस या ग्रीक वंशाच्या बंधूंचे गॅरेज होते. त्यांची करामत अशी: मोटारीच्या टपाचे खांब कापून काही इंच काढून टाकायचे, टप पुन्हा खाली बसवायचा आणि सांधे वितळलेल्या शिशाने असे भरायचे की बोट फिरविले तरी जोड कळू नये. १९५२ साली बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या तरुणाने आपली १९५१ ची मर्क्युरी गाडी त्यांच्याकडे दिली. फिकट हिरव्या आणि गर्द हिरव्या रंगांत न्हालेली ती गाडी आजही कस्टम गाड्यांत अग्रगण्य मानली जाते. याच छंदात लॅरी शिनोडा हा आणखी एक जपानी वंशाचा मुलगा होता. युद्धकाळात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांपैकी मॅन्झनार येथील छावणीत त्याचे बालपण गेले; पुढे तो हॉट रॉड घेऊन शर्यतीत उतरला आणि अखेर मोठमोठ्या कंपन्यांच्या मोटारींचा नामवंत आकारकार झाला. शेडमधल्या पान्याला जात आणि वंश विचारण्याची सवय नसते. रस्त्यावरच्या शिपायाला मात्र असते, आणि येथून आमच्या मित्रांची स्वतःची कथा सुरू होते.

लॉस एंजेलिस नदीच्या पूर्वेस मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची वस्ती. १९४३ च्या जूनमध्ये याच शहरात सैनिक आणि खलाशी यांच्या टोळ्यांनी सैल, ऐटबाज सूट घालणाऱ्या मेक्सिकन मुलांना रस्त्यात गाठून मारहाण केली होती आणि अनेक ठिकाणी मार खाणारी मुलेच पकडली गेली. कपड्यांची ऐट हा त्या मुलांचा अपराध. युद्धानंतर ऐट गाडीत उतरली. त्यांना नवी मोटार घेणे शक्य नव्हते. त्यांनी जुन्या शेव्हरोले घेतल्या. अँग्लो मुलांची गाडी मागून उंच आणि वेगवान, तर या मुलांनी आपली गाडी खाली आणली आणि मुद्दाम सावकाश चालविली. आरंभी डिकीत वाळूच्या किंवा सिमेंटच्या गोण्या टाकून, पुढे स्प्रिंगा कापून. त्यांचे ब्रीदच झाले, ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खाली आणि सावकाश. या गाड्यांना ‘लोरायडर’ हे नाव पडले. आमच्या मित्रांनी आम्हांस समजावले की, वेगाने जाणाऱ्याला कोणी पाहत नाही. आणि त्यांना तर पाहिले जाणेच हवे होते. आठवडाभर कारखान्यात किंवा शेतात राबणारा, साहेबाच्या लेखी नाव नसलेला मुलगा शनिवारी रात्री व्हिटियर बुलेव्हार्ड या हमरस्त्यावर ताशी दहा मैलांनी जाई, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे वळून पाहत.

१९५८ च्या सुमारास कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला: मूळ रचनेत बदल करून मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली आणता कामा नये. शब्द सर्वांना सारखे होते. दंड मात्र ठराविक वस्तीतच अधिक होत, असे आमचे मित्र सांगतात आणि ते नाकारणारे आम्हांस कोणी भेटले नाही. त्यावर उत्तर सापडले ते पुन्हा भंगारातून. रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या चाकांपाशी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे बसविले. लष्करी विमानांच्या जुन्या सामानातले पंप अशा कामास उपयोगी पडत. कळ दाबली की गाडी खाली, पोलीस दिसला की पुन्हा कळ आणि गाडी कायद्याच्या उंचीवर. ज्या कळेने ती जांभळी इम्पाला आमच्यापुढे गुडघे टेकून बसली, तिचा जन्म असा दंड चुकविण्यातून झाला होता! आमच्या मित्रांना हे सांगताना कोण आनंद होई.

साठच्या दशकात या मुलांचीही मंडळे झाली. रुएलास बंधूंनी १९६२ साली स्थापन केलेले ‘ड्यूक्स’ हे त्यांतील जुन्यात जुन्यांपैकी एक. मंडळाची धातूत ओतलेली पाटी मागच्या काचेत लावायची. ती मिळविण्यासाठी गाडी नीट हवी, वागणूकही नीट हवी. पाटी परत घेतली जाणे ही मोठी नामुष्की. ‘इम्पीरियल्स’ मंडळाच्या हेसूस वालादेस यांची ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ ची गुलाबी इम्पाला तर अंगभर रंगविलेल्या असंख्य गुलाबांमुळे गाजली. १९७४ साली सुरू झालेल्या एका दूरदर्शन मालिकेच्या आरंभी ती घराघरांत दिसू लागली. त्याआधीची त्यांची याच नावाची पहिली गाडी द्वेषापायी फोडली गेली होती. त्यांनी दुसरी घडविली. १९७७ मध्ये सॅन होझे येथील विद्यार्थ्यांनी ‘लोरायडर’ मासिक काढले. त्यांनाही मुख्य वृत्तपत्रांत आपले नाव फक्त गुन्ह्यांच्या रकान्यात सापडत असे.

व्हिटियर बुलेव्हार्ड हा रस्ता केवळ मौजेचा नव्हता. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धात मेक्सिकन वंशाची मुले मोठ्या संख्येने मरत असल्याच्या निषेधार्थ निघालेला मोर्चा पोलिसांनी उधळला, आणि त्याच रस्त्यावरील एका उपाहारगृहात बसलेले पत्रकार रुबेन सालासार शेरीफच्या शिपायाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. आमचे मित्र तेव्हा शाळकरी वयाचे. त्या दिवशीच्या धुराचा वास अजून नाकात आहे, असे त्यांच्यापैकी एकाने सांगितले आणि पुढे काही बोलले नाहीत. १९७९ साली तो रस्ता शनिवारच्या फेऱ्यांसाठी बंद करण्यात आला. ऐंशीच्या दशकात राज्याने शहरांना अशा फेऱ्यांवर बंदी घालण्याची मुभा दिली, आणि अनेक शहरांनी ती घातली. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रस्त्यावर गर्दी तुंबे, दुकानदारांचा धंदा बुडे, रुग्णवाहिकेला वाट मिळेना. आणि त्या गर्दीत टोळ्यांची भांडणे शिरली, रक्तही सांडले. आमचे मित्र हे लपवीत नाहीत. ज्या आईचा मुलगा त्या गर्दीत गेला, तिला गुलाबांच्या चित्रांचे काय कौतुक! परंतु पोमोनातही अपघात झाले होते, तेथेही लोक संतापले होते. तेथे एक सार्जंट मुलांशी बोलायला गेला आणि मैदान मिळाले. येथे अडथळे उभारले गेले. एकाच राज्यात, काही मैलांच्या अंतरावर, तशीच मुले, तसेच भंगार. हा फरक केवळ वंशाचा होता असे ठामपणे म्हणण्याइतके आमचे वाचन नाही. परंतु वंश त्यात नव्हता असे म्हणणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आमच्या मित्रांपैकी एकाचे घराणे न्यू मेक्सिको राज्यातले. त्यांच्यामुळे चिमायोची गोष्ट कळली. लॉस एंजेलिसपासून आठशेहून अधिक मैल दूर, डोंगरांच्या कुशीत हे खेडे आहे. तेथे मातीच्या विटांचे एक लहान चर्च आहे, १८१६ च्या सुमारास बांधलेले. आत एस्किपुलासच्या प्रभूचा क्रूस आणि बाजूच्या खोलीत जमिनीत एक लहानसा खड्डा. त्यातील माती भाविक श्रद्धेने कपाळी लावतात. पवित्र आठवड्यात हजारो लोक पायी येतात, काही खांद्यावर क्रूस घेऊन. या चिमायोत आणि शेजारच्या एस्पान्योला गावात लोरायडर गाड्या फार. तेथील काही गाड्यांवर प्रभूच्या दुःखसहनाची चित्रे आहेत. एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात जपमाळ घेऊन काढावीत तशी.

त्या खेड्यात डेव्हिड हारामिल्यो नावाचा तरुण होता. सत्तरच्या दशकात त्याने १९६९ ची एक फोर्ड गाडी घेतली आणि ती घडवायला घेतली. काम पुरे होण्याआधीच १९७८ साली तो वाहन अपघातात गेला. त्याची पत्नी आयरीन आणि इतर आप्तजन यांनी ती अर्धवट गाडी विकली नाही, झाकूनही ठेवली नाही. त्यांनी ती पूर्ण केली. रंग, आतील लाल मखमल, दट्टे, सारे त्याच्या मनात होते तसे, किंवा त्यांना जितके ठाऊक होते तितके. तिचे नाव पडले ‘डेव्हचे स्वप्न’. १९९० मध्ये वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. ज्या गाडीस रस्त्यावर शिपायाने थांबवावे, ती राष्ट्राच्या ठेव्यात जाऊन बसली. आमच्याकडे मृतांच्या स्मरणार्थ मिस्सा मागतात, कबरीवर संगमरवर बसवितात. त्या कुटुंबाने मेलेल्या माणसाचे अर्धे काम हाती घेतले. शोक करण्याच्या या रीतीविषयी आम्ही नंतर बरेच दिवस विचार करीत होतो.

‘जिप्सी रोझ’चेही तसेच झाले. हेसूस वालादेस २०११ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत ती गाडी होती. २०१७ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मैदानावर काचेच्या दालनात तिला ठेवण्यात आले आणि राष्ट्राच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिची नोंद झाली. व्हिटियर बुलेव्हार्डवर जिला बंदी, तिला राजधानीत काचेचे घर!

आम्ही तेथे असताना कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात फेऱ्यांवरील बंदी उठविण्याचे विधेयक चर्चेत होते. मिस्सेनंतरच्या कॉफीवर त्याचीच चर्चा चाले. कोणाला आशा, कोणाला थट्टा. ज्यांची गाडी घडविता घडविता गुडघे गेले, त्यांना आता कायदा काय देणार, असे एक जण म्हणे. नातवंडांना मात्र उत्साह. आमच्या निरोपाच्या रविवारी त्या जांभळ्या इम्पालाच्या मालकांनी आम्हांस तीत बसवून विमानतळावर पोहोचविले. पाऊण तासाच्या वाटेस दोन तास लागले आणि आमचे विमान थोडक्यात वाचले.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो कामावर होता. त्याच्या आईने मागच्या पडवीचे दार उघडून बुलेट दाखविली. जुन्या चादरीने झाकलेली, खाली तेलासाठी पत्र्याचे तबक. टाकीवर त्याने स्वतः हाताने एक बारीक सोनेरी रेघ ओढली होती, कुठेही न तुटलेली. आम्ही बराच वेळ ती पाहत राहिलो. त्याला सांगा, फादर येऊन गेले, गाडीविषयी विचारायचे आहे, असे म्हटले. दोन आठवड्यांनी तो आला, आवाराबाहेर गाडी बंद करून, ती हाताने ढकलीत आत घेऊन. माफी आम्ही मागितली. नंतर कार्ब्युरेटर म्हणजे नेमके काय, हे त्याने आम्हांस अर्धा तास समजावले. त्यातले निम्मे कळले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या विधेयकावर राज्यपालांची सही झाली. १ जानेवारी २०२४ पासून शहरांनी घातलेल्या फेऱ्यांच्या बंदीचा आणि गाडी खाली आणण्यावरील त्या जुन्या निर्बंधाचा अंमल संपला. जानेवारीत आमच्याकडे एक छायाचित्र आले. दुपारचे ऊन, रुंद रस्ता, त्याच्या मधोमध ती इम्पाला जवळजवळ जमिनीला टेकलेली. मागच्या काचेत मंडळाची पाटी, आणि चालकाच्या खिडकीतून बाहेर आलेला एक सुरकुतलेला हात. आम्ही ते छायाचित्र त्या मुलाला दाखविले. त्याने मातेच्या चित्राकडे पाहिले, रंगाकडे पाहिले, आणि दट्ट्यांना तेलाचा दाब कोठून मिळतो, असे विचारले. ते आम्हांस सांगता आले नाही. पत्र लिहून विचारले आहे.